चार तासांची चूक

हा भाग ऐकताना बस, लोकल, हॉस्टेलची गच्ची, जिथे कुठे असाल तिथे जरा निवांत बसा. आजची गोष्ट एका चुकीची आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही भागांपूर्वी मी गुरुत्वीय लहरींबद्दल बोललो होतो. एका दमात म्हणून गेलो, "१९१६ साली आइन्स्टाइननी भाकीत केलं आणि बरोबर शंभर वर्षांनी ते खरं ठरलं." वाक्य झकास होतं. दोन दिवसांनी वसमतहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. बारावीतला मुलगा. म्हणाला, "दादा, ते ठीक आहे, पण मधली शंभर वर्षं लोक काय करत होते?"

खरं सांगू का, आधी रागच आला. मग लक्षात आलं की मला उत्तर माहीत नाही. म्हणून वाचायला बसलो. वाचल्यावर कळलं की ती शंभर वर्षं सरळ रस्त्याची नव्हतीच. त्यात चुका होत्या, भांडणं होती, आणि एका माणसाचं अख्खं आयुष्य होतं.

सुरुवात आइन्स्टाइनपासूनच. १९१६ मध्ये त्यांनी म्हटलं की जड वस्तू वेगानं हलल्या की अवकाशातच लहरी उठतात. पण १९३६ मध्ये त्यांनी आणि नेथन रोझेन यांनी एक शोधनिबंध लिहिला, आणि त्याचा निष्कर्ष काय? अशा लहरी नसतातच! निबंध 'फिजिकल रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकाकडे गेला. संपादकांनी तो रीतसर दुसऱ्या तज्ज्ञाकडे तपासायला दिला. त्या तज्ज्ञानं गणितातली अडचण दाखवली. आइन्स्टाइन भडकले. छापायच्या आधी माझा लेख दुसऱ्याला दाखवलाच कसा, असं म्हणून त्यांनी निबंध परत घेतला. पुढे चूक त्यांच्या ध्यानात आली आणि १९३७ मध्ये दुसरीकडे तो निबंध छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. म्हणजे चूक दाखवली की राग येणं, हे माझ्यापुरतं नाही मंडळी. मोठी परंपरा आहे!

आता आपल्या गोष्टीचा नायक. जोसेफ वेबर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलात होते. 'लेक्सिंग्टन' या विमानवाहू जहाजावर. ते जहाज १९४२ मध्ये बुडालं, हे वाचले. युद्धानंतर मेरीलँड विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९५२ मध्ये त्यांनी एका परिषदेत एक कल्पना मांडली. अणूंमध्ये साठवलेली ऊर्जा वापरून सूक्ष्मलहरींचं बळ वाढवता येईल, अशी. हेच मेसरचं तत्त्व. आणि मेसर म्हणजे लेसरचा थोरला भाऊ. पण वेबरनी यंत्र बनवलं नाही. ते इतरांनी बनवलं, आणि १९६४ चं नोबेल टाउन्स, बासोव्ह आणि प्रोखोरोव्ह यांना मिळालं. वेबर राहिले बाजूला.

मग त्यांनी असं काम घेतलं ज्याच्या वाटेला कोणीच जात नव्हतं. गुरुत्वीय लहर पकडायची. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचे दंडगोल बनवले, सुमारे दीड मीटर लांब, टनाहून जास्त वजनाचे. कल्पना देवळातल्या घंटेसारखी. लहर आली की दंडगोल अगदी किंचित निनादेल आणि त्यावर चिकटवलेले स्फटिक तो निनाद विजेच्या रूपात टिपतील. एक यंत्र मेरीलँडला, दुसरं शिकागोजवळ आर्गोनला, जवळजवळ हजार किलोमीटरवर. दोन्हीकडे एकाच वेळी निनाद झाला तर तो रस्त्यावरच्या ट्रकचा नाही, हे उघड.

१९६९ मध्ये वेबरनी जाहीर केलं, लहरी सापडल्या. खळबळ उडाली! जगभर लोकांनी तसेच दंडगोल बांधले. आणि कोणालाच काही ऐकू येईना.

इथे येते ती चार तासांची चूक. रॉचेस्टर विद्यापीठातही असं एक यंत्र होतं. वेबरनी तिथली नोंद आपल्या नोंदीशी ताडून पाहिली आणि सांगितलं, बघा, दोन्हीकडे एकाच वेळी निनाद आहेत. नंतर उघड झालं की एका नोंदीवर अमेरिकेची स्थानिक वेळ होती आणि दुसरीवर ग्रिनिच वेळ. दोन्हींत चार तासांचं अंतर! म्हणजे वेबर ज्यांना 'एकाच वेळचे' म्हणत होते ते निनाद चार तासांच्या फरकानं झालेले होते. त्यांच्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही एक चूक निघाली. १९७४ मध्ये एमआयटीतल्या परिषदेत रिचर्ड गार्विन या भौतिकशास्त्रज्ञाशी त्यांची सगळ्यांसमोर जुंपली.

वेबर खोटारडे होते का? नाही. त्यांना मनापासून ऐकू येत होतं. ऐकायची इच्छा तीव्र असली की गोंगाटातही सूर सापडतो. दादर स्टेशनवर कुणाची वाट बघत असलो की दर दोन मिनिटांनी आपल्यालाच हाक मारल्यासारखं वाटतं ना, तसं. हळूहळू पैसे आटले, सहकारी गेले. वेबर तरी आपल्या दंडगोलांपाशी जात राहिले. २००० साली ते वारले. शेवटपर्यंत त्यांनी चूक मान्य केली नाही.

गोष्ट इथे संपली असती, पण दुसरीकडे एक वर्ग भरत होता. साठच्या दशकाच्या शेवटी एमआयटीत रेनर वाइस नावाच्या प्राध्यापकांना सापेक्षता शिकवायला सांगितलं. त्यांना स्वतःलाच ती धड येत नव्हती! मुलांनी वेबरच्या प्रयोगाबद्दल विचारलं, यांना समजावता येईना. म्हणून त्यांनी वर्गासाठी एक सोपं गणित रचलं. दोन आरसे टांगले आणि मधून प्रकाश पाठवला, तर लहर आल्यावर काय होईल? लेसर तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं पोर होतं. पहिलं १९६० मध्ये पेटलेलं. वर्गातलं ते गणित वाइस यांच्या डोक्यातून जाईना. १९७२ मध्ये त्यांनी असं यंत्र खरंच बांधलं तर काय काय आवाज त्यात घुसतील, याची तपशीलवार यादीच लिहिली. लक्षात घ्या, शोधाच्या आधी त्यांनी गोंगाटाचा अभ्यास केला.

त्यातून पुढे लायगो उभी राहिली. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर. लेसरचा झोत दुभंगून दोन्हीकडे जातो, टोकाच्या आरशांवरून परततो आणि पुन्हा एकत्र येतो. लहर आली की एक भुजा कणभर लांब होते, दुसरी आखूड, आणि परतलेल्या प्रकाशाचा मेळ बिघडतो.

कणभर म्हणजे किती? प्रोटॉनच्या व्यासाचा साधारण चारशेवा भाग! एवढं मोजायचं तर आरसाही तसाच हवा. ४० किलोचा, अतिशुद्ध काचेचा, काचेच्याच बारीक धाग्यांवर टांगलेला. त्यावर दोन वेगवेगळ्या पदार्थांचे एकाआड एक थर, प्रत्येक शे-दोनशे नॅनोमीटरचा. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे विचार करा. आणि या थरांतले अणू उष्णतेनं जे थरथरतात, तोच लायगोच्या मोठ्या अडथळ्यांपैकी एक. म्हणून जगात कितीतरी लोक फक्त या थरांसाठी नवे पदार्थ शोधतायत.

पण यंत्रापेक्षा मला भावली ती त्यांची शिस्त. वेबरचं काय झालं हे सगळ्यांना आठवत होतं. म्हणून लायगोनं स्वतःलाच फसवायची सोय केली. मोजकी माणसं गुपचूप यंत्रात खोटा संकेत सोडणार आणि बाकी शेकडो शास्त्रज्ञांना पत्ता नाही. सप्टेंबर २०१० मध्ये असाच एक संकेत आला. लोकांनी सहा महिने राबून निबंध तयार केला. मार्च २०११ मध्ये सगळ्यांसमोर पाकीट उघडलं. संकेत खोटा होता! टाळ्या वाजल्या. परीक्षा पास झाली होती.

१४ सप्टेंबर २०१५. आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं. आधी लुइझियानातल्या यंत्राला, मग ७ मिलिसेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातल्या यंत्राला धक्का बसला. जर्मनीत मार्को द्रागो या तरुण शास्त्रज्ञानं तो पडद्यावर पाहिला. त्याला पहिली शंका हीच, कोणीतरी खोटा संकेत सोडलाय. या वेळी कोणीच सोडला नव्हता. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती.

तरी त्यांनी पाच महिने तोंड उघडलं नाही. हा योगायोग नाही, हे कसं ठरवलं? एका यंत्राची नोंद मुद्दाम पुढे-मागे सरकवली आणि दुसरीशी ताडली. वेळ चुकवल्यावर जे जुळेल तो निव्वळ योगायोग. असं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. एवढा ठळक योगायोग दोन लाख वर्षांत एकदाही व्हायचा नाही, असं निघालं.

थांबा. वेळ मुद्दाम चुकवायची? हीच तर वेबरची चार तासांची चूक! त्यांच्याकडून नकळत झाली आणि तिनं त्यांचा दावा पाडला. आणि गंमत म्हणजे नोंदी सरकवून बघायची ही युक्ती वेबरनी स्वतःही वापरली होती. तीच आज लहर खरी आहे हे सिद्ध करते. इथे वाचता वाचता मी पुस्तक मिटलं आणि जरा वेळ नुसता बसलो.

यात आपली माणसंही आहेत. कृष्णविवराला धक्का बसल्यावर ते कसं निनादत शांत होतं, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच दाखवलं होतं. पुण्यात आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या आसपास, लायगो उभी राहण्याआधीच, गोंगाटातून ओळखीचा सूर गाळून काढायच्या पद्धतींवर काम केलं.

आणि वसमतच्या मित्रा, आता तुझ्यासाठी. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं लायगो-इंडियासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जागा तुझ्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. नामदेवांसाठी देऊळ फिरलं, असं जिथे सांगतात ते औंढा. तिथे अवकाश किती हललं ते मोजणार! लहर आकाशात नेमकी कुठून आली हे कळायला दूरदूरची यंत्रं लागतात, म्हणून ही जागा मोलाची.

तोवर थांबायचीही गरज नाही. 'ग्रॅव्हिटी स्पाय' नावाचा प्रकल्प मोबाइलवर उघडा. लायगोतल्या गोंगाटाची चित्रं दिसतात, ती ओळखून वेगळी करायची. सामान्य स्वयंसेवकांनी तिथे गोंगाटाचे नवे प्रकार शोधलेत. वाइस यांनी यादीनं जे सुरू केलं, ते आता कुणीही पुढे नेऊ शकतं.

तू विचारलंस, शंभर वर्षं लोक काय करत होते? आपण कुठे चुकतो, हे शिकत होते. माझं ते झकास वाक्य मी मागे घेतो. चूक पकडलीस, आभारी आहे. पुढच्या भागातही पकड.

भेटूया!