ऑक्टेन अंक व इंधन-पूरके : स्पोर्ट्स कारच्या इंजिनासंदर्भात

ऑक्टेन अंक हे पेट्रोलच्या ताकदीचे नव्हे, तर नॉकिंगला दाद न देण्याच्या गुणाचे माप आहे. 91 ऑक्टेनच्या आणि 100 ऑक्टेनच्या एक लिटर पेट्रोलमधून मिळणाऱ्या उष्णतेत नाव घेण्याजोगा फरक नसतो. इथेनॉल मिसळून अंक वाढवला असेल, तर उष्णता उलट कमीच भरते. तरीही महागडे पेट्रोल भरले की गाडी जास्त पळते, हा समज पंपावर आणि गॅरेजात घट्ट बसलेला आहे. स्पोर्ट्स कारपुरता त्यात काही तथ्यांश आहे, पण तो पेट्रोलइतकाच इंजिनाच्या रचनेवर आणि त्याच्या संगणकावर अवलंबून असतो.

नॉकिंग म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. पिस्टन वर येत असताना स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि तिथून निघालेली ज्वाला मिश्रण जाळत सिलिंडरच्या भिंतींकडे सरकते. तिच्यापुढचे, अजून न जळलेले मिश्रण यादरम्यान दाबले आणि तापवले जात असते. ज्वाला पोचण्याआधीच ते आपोआप पेटले, तर एकदम भडका उडतो आणि दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये आपटत राहतात. बाहेर ऐकू येतो तो धातूवर ठोकल्यासारखा खडखडाट. हलके, अधूनमधून होणारे नॉकिंग इंजिन सोसते. भरधाव आणि भारावर ते चालू राहिले, तर पिस्टनच्या माथ्याची कड खड्डे पडून खरबरीत होते, रिंगांमधला धातू तुटतो आणि शेवटी पिस्टनला भोक पडते. ऑक्टेन अंक जितका जास्त, तितके हे आपोआप पेटणे लांबते. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल ‘जोरात जळते’ असे म्हणणे म्हणूनच उफराटे आहे.

इंजिनाची शक्ती नॉकिंगपाशी अडते, हे ब्रिटिश अभियंता हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ओळखले. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिज्ली यांना डिसेंबर 1921 मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. ते चिमूटभर मिसळले तरी नॉकिंग थांबे. 1923 मध्ये ते विक्रीला आले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या कारखान्यांत विषबाधेने कामगार दगावले; तरी ते जगभर अर्धशतकाहून अधिक काळ वापरात राहिले. भारतात शिसेविरहित पेट्रोल 1995 मध्ये आधी महानगरांत आले, देशभर 2000 मध्ये. इंधन-पूरकांच्या इतिहासातले सर्वांत परिणामकारक पूरक तेच आणि सर्वांत घातकही तेच.

अंक ठरवण्याची पद्धत 1926 मध्ये ग्रॅहम एडगर यांनी सुचवली. सहज नॉक होणाऱ्या एन-हेप्टेनला 0 आणि दाद न देणाऱ्या आयसो-ऑक्टेनला 100 धरायचे, आणि तपासायचे पेट्रोल या दोहोंच्या कोणत्या मिश्रणासारखे वागते ते पाहायचे. (शुद्ध हेप्टेन त्या काळी कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन या झाडाच्या राळेतून काढत.) चाचणीचे इंजिन एकाच सिलिंडरचे असते आणि चालू असतानाच त्याचे संपीडन गुणोत्तर, म्हणजे मिश्रण किती पटींनी दाबले जाते ते, बदलता येते. मिनिटाला 600 फेऱ्यांवर मिळतो तो ‘रिसर्च’ अंक, म्हणजे आरओएन. 900 फेऱ्यांवर आणि तापवलेल्या मिश्रणावर मिळतो तो ‘मोटर’ अंक, म्हणजे एमओएन. दुसरा नेहमी कमी भरतो. भारतात आणि युरोपात पंपावर पहिला सांगतात, अमेरिकेत दोहोंची सरासरी. त्यामुळे अमेरिकेहून आणलेल्या गाडीच्या झाकणावरचे 91 म्हणजे आपल्याकडचे सुमारे 95 किंवा 96. हे न जाणता 91 आरओएनचे पेट्रोल भरत राहिले, तर गाडी कारखान्याच्या अपेक्षेपेक्षा हलक्या इंधनावर चालते.

स्पोर्ट्स कारला जास्त ऑक्टेन लागते ते तिच्या बांधणीमुळे. संपीडन गुणोत्तर वाढवले की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघते. टर्बो बसवला की तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबता येते. दोन्हींमुळे मिश्रण अधिक दाबले आणि तापले जाते. 1975 च्या पोर्शे 911 टर्बोचे संपीडन गुणोत्तर म्हणूनच अवघे 6.5 ठेवावे लागले. टोयोटाच्या जीटी86 मध्ये, टर्बो नसताना आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारल्याने मिळणाऱ्या थंडाव्याच्या जोरावर, ते 12.5 आहे.

जुन्या गाडीत मिस्त्री कानाने ठिणगीचे टायमिंग लावायचा आणि इंधन हलके निघाले की नॉकिंग थेट कानावर यायचे. आता इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. नॉकिंगची कंपने जाणवताच संगणक ठिणगी काही अंशांनी उशिरा पाडतो, टर्बो असेल तर त्याचा दाब उतरवतो, आणि मग हळूहळू चाचपत पुन्हा पुढे सरकतो. साब कंपनीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एपीसी या यंत्रणेने टर्बो गाडी वेगवेगळ्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर सुखरूप चालवून दाखवली. चालकाला यात खडखडाट ऐकू येत नाही. फक्त पिकअप थोडा मंदावतो आणि ॲव्हरेज उतरते. जास्त ऑक्टेनचा ‘फायदा’ म्हणतात तो बहुतेक वेळा हा तोटा टळणे एवढाच असतो. कारखान्याने ठरवलेल्या टायमिंगपर्यंत संगणक एकदा पोचला, की त्यापुढच्या अंकांचे त्याला काही सोयरसुतक नसते.

चाचण्या हेच सांगतात. साध्या पेट्रोलसाठीच बनवलेल्या गाड्यांत महाग पेट्रोल भरून काही हाती लागत नाही, असे अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनला 2016 मध्ये आढळले. पुढच्या वर्षी तिने प्रीमियम पेट्रोलची शिफारस असलेल्या, पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या. अश्वशक्ती सरासरी 1.4 टक्के आणि ॲव्हरेज 2.7 टक्के वाढले. फोर्ड मस्टँगची शक्ती 3.2 टक्क्यांनी वाढली. ऑडी ए3 चे ॲव्हरेज मात्र टक्काभर घटले. पेट्रोलच्या दरातला फरक यातून भरून निघत नाही. ‘शिफारस’ आणि ‘सक्ती’ यांतला फरक मालकाने पुस्तिकेत नीट पाहावा. सक्ती असेल तिथे काटकसर करू नये.

2018 ची डॉज चॅलेंजर डेमन ही गाडी या विषयाचा नमुनाच आहे. अमेरिकी 91 ऑक्टेनवर तिची शक्ती 808 अश्वशक्ती, तर 100 किंवा अधिक ऑक्टेनच्या शर्यतीच्या पेट्रोलवर 840. पण हे वरचे 32 घोडे नुसते पेट्रोल बदलून मिळत नसत. त्यासाठी कंपनीने वेगळ्या पेटीतून दिलेला इंजिनाचा संगणक बसवावा लागे.

शर्यतीच्या इंधनाबद्दलच्या कल्पनाही तपासून घेण्यासारख्या आहेत. होंडाच्या 1988 च्या आरए168ई या फॉर्म्युला वन टर्बो इंजिनाच्या इंधनात 84 टक्के टोल्युइन होते आणि उरलेले 16 टक्के एन-हेप्टेन, म्हणजे तोच 0 ऑक्टेनचा पदार्थ. नियमांत ऑक्टेनला 102 ची मर्यादा होती आणि टोल्युइन एकटे ती ओलांडते, म्हणून भर घालायला हेप्टेन. टोल्युइन हवे होते ते अंकापुरते नव्हे; ते जड, आणि मोजूनमापून दिलेल्या टाकीत जास्त ऊर्जा मावते.

आता बाटल्यांविषयी. ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटलीवरच्या ‘पॉइंट’ची भाषा फसवी असते. कित्येकदा दहा पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा एक अंक, म्हणजे 30 पॉइंटची बाटली 91 चे 94 करते, 121 नव्हे. साधा हिशेब करून पाहावा. टोल्युइनसारख्या 120 च्या आसपासच्या द्रवाने 91 चे 94 करायचे, तर 50 लिटरच्या टाकीत जवळजवळ 5 लिटर घालावे लागेल. पाव लिटरने अंकाचा दशांश जेमतेम हलतो. एवढ्याशा बाटलीत खरोखर परिणाम करणारे द्रव्य म्हणजे धातूचे संयुग, बहुधा मँगनीजचे एमएमटी किंवा लोखंडाचे फेरोसीन. अंक त्यांनी वाढतो, पण धातू जळून नाहीसा होत नाही. प्लग काढला की चिनी मातीच्या भागावर तांबूस-नारिंगी थर दिसतो. जाड झाला की त्यातून वीज झिरपते आणि मिसफायर सुरू होतो. सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांवरही तो बसतो. अनेक उत्पादक पुस्तिकेत अशी पूरके वापरू नका असे लिहितात, ते उगाच नव्हे.

स्वच्छता राखणारी पूरके ही वेगळी जात, आणि तिच्याविषयी मत चांगले आहे. पॉलिइथरअमाइनसारखी द्रव्ये इंजेक्टरच्या तोंडावरचा आणि व्हॉल्व्हवरचा कार्बन सोडवतात. बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी 2004 मध्ये अमेरिकेत ‘टॉप टिअर’ हा दर्जा ठरवला, तो याच गुणावर. ऑक्टेनशी त्याचा संबंध नाही. त्या दर्जात न बसणाऱ्या पेट्रोलने व्हॉल्व्हवर सरासरी 19 पट साका धरला, असे वरील असोसिएशनच्या 2016 च्या चाचणीत दिसले. मात्र पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही. तिथला काजळीचा थर कोणतीही बाटली धुऊ शकत नाही. तो अक्रोडाच्या टरफलांचा चुरा दाबाने मारून काढतात. टोयोटाने जीटी86 मध्ये दोन्ही प्रकारचे इंजेक्टर बसवले, त्याचा एक फायदा हाही आहे.

भारतात 100 ऑक्टेनचे एक्सपी100 हे इंडियन ऑइलचे पेट्रोल डिसेंबर 2020 मध्ये दहा शहरांत आले, त्यांत मुंबई आणि पुणे होती; दर लिटरला 160 रुपये होता. 98 आरओएन मागणाऱ्या मोजक्या गाड्यांना ते उपयोगी आहे, बाकीच्यांना ती हौस. 95 च्या प्रीमियम पेट्रोलची गोष्ट आता बदलली आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक सुमारे 108 असल्याने 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी भारतीय मानकच 95 चे आहे. इथेनॉलच्या मिश्रणाने साध्या पेट्रोलचा अंक असा वर नेला. त्यामुळे 95 च्या प्रीमियमसाठी मोजलेले जास्तीचे पैसे आता मुख्यतः त्यातल्या स्वच्छता-पूरकांचे असतात.

इथेनॉलची दुसरी बाजू ऊर्जेची. आकारमानाने त्यात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते. पूर्वी इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज 20 टक्के मिश्रणावर 6 ते 7 टक्क्यांनी घटेल, असा नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातला अंदाज आहे. उलट 2023 ची डॉज डेमन 170 ही गाडी 10 टक्के इथेनॉलवर 900 आणि 85 टक्के इथेनॉलवर 1025 अश्वशक्ती देते, कारण तिचे इंजेक्टर, इंधन-पंप आणि टर्बोऐवजी वापरलेला सुपरचार्जर त्या हिशेबानेच बसवलेले आहेत. जुन्या कार्ब्युरेटरच्या स्पोर्ट्स कारला यातले काहीच मिळत नाही. तिचे मिश्रण पातळ होते, म्हणून जेट मोठे घालावे लागतात, आणि रबरी नळ्या व गॅस्केट इथेनॉलला टिकणारी आहेत का हे ऑक्टेनच्या आधी पाहावे लागते.