तीनशेचे साडेचारशे : ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास आणि ‘स्थैर्य’ या शब्दाची किंमत

१/१३
२४ ऑगस्ट १९९८. इंटेलने एकाच दिवशी दोन प्रोसेसर बाजारात आणले. एक पेंटियम टू, वेग ४५० मेगाहर्ट्झ, किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. लवकरच हौशी संगणकवीरांना उमगले की, हा दुसरा पहिल्याच्या वेगाने धावू शकतो. आजचा धागा या शोधाविषयी, आणि त्यामागच्या एका कठीण प्रश्नाविषयी.

२/१३
आधी थोडी पार्श्वभूमी. प्रोसेसर एका ठरावीक तालावर चालतो. तो ताल क्वार्ट्झचा स्फटिक देतो. १९८४च्या आयबीएम पीसी एटीमध्ये १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक होता. त्याच्या निम्म्या, म्हणजे ६ मेगाहर्ट्झ वेगाने ८०२८६ हा प्रोसेसर चाले. लोकांनी तो स्फटिक काढून १६चा बसवला आणि यंत्र ८ मेगाहर्ट्झने धावू लागले.

३/१३
आयबीएमला हे रुचले नाही. एटीच्या पुढील आवृत्तीच्या बायोसमध्ये वेग तपासणारी चाचणी घालण्यात आली. ठरलेल्यापेक्षा वेग अधिक आढळला, तर यंत्र सुरूच होईना. निर्माता आणि हौशी यांच्यातील रस्सीखेच ही अशी जुनी आहे.

४/१३
पण मुळात हा जादा वेग शिल्लक राहतोच कसा? एकाच सिलिकॉन चकतीवरचे सगळे तुकडे सारखे निपजत नाहीत. निर्माता त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी लावतो. शिवाय उन्हाळ्यातली बंद खोली आणि विजेतले चढउतार गृहीत धरून तो थोडी मोकळीक ठेवतो. स्वस्त मालाला मागणी अधिक असेल, तर चांगल्या तुकड्यावरही कमी वेगाचा शिक्का बसतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ही शिल्लक खर्च करणे.

५/१३
नव्वदच्या दशकात या शिल्लकीवर लबाडांचीही नजर गेली. कमी वेगाच्या प्रोसेसरवरचा मूळ शिक्का खरवडून जास्त वेगाचा आकडा छापायचा आणि चढ्या भावाने विकायचे, असा धंदा फोफावला. पुढे इंटेलने प्रोसेसरचा गुणक कुलूपबंद केला. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले हा गुणक. एक वाट बंद झाली, पण बसची वाट उघडीच राहिली.

६/१३
आता पुन्हा १९९८. त्या एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनमध्ये दुय्यम कॅश नव्हतीच, आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. ३००ए मात्र १२८ किलोबाइट कॅश घेऊन आला. पेंटियम टूची कॅश ५१२ किलोबाइट होती, पण ती निम्म्या वेगाने चाले. सेलेरॉनची छोटी कॅश प्रोसेसरच्याच तुकड्यावर होती आणि पूर्ण वेगाने चाले. धाकट्याला थोरल्याची बरोबरी करण्याची संधी इथेच मिळाली.

७/१३
हिशेब सोपा होता. गुणक ४.५, बस ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून वेग ३००. बस १०० केली की वेग ४५०. त्याच वर्षी आलेला ४४०बीएक्स चिपसेट आणि १०० मेगाहर्ट्झची रॅम हे दोन्ही त्यासाठी सज्ज होते. अबिटच्या बीएच६ मदरबोर्डवर हा बदल बायोसच्या पडद्यावरूनच करता येई. ती सोय नसेल, तर प्रोसेसरच्या पट्टीवरील बी२१ हा संपर्कबिंदू चिकटपट्टीने झाकत. बोर्डाला वाटे, हा १०० बसचाच प्रोसेसर आहे.

८/१३
मग कमी जोखमीचा ८३चा टप्पा का नको? इथे खरी मेख आहे. ८३ बसवर पीसीआय जोडणीचा वेग ३३वरून ४१ मेगाहर्ट्झच्या पुढे जाई. हार्ड डिस्कच्या नोंदी बिघडण्याचे भय असे. १०० बसवर मात्र पीसीआयला तिसरा हिस्सा मिळे, म्हणजे बरोबर ३३. मोठी उडी छोट्या उडीपेक्षा सुरक्षित ठरली, कारण तिथे बाकीचे घटक आपल्या मूळ तालावर राहत होते.

९/१३
तरीही प्रत्येक ३००ए ४५०पर्यंत पोचलाच असे नाही. काहींना व्होल्टेज वाढवून द्यावे लागले. व्होल्टेज वाढले की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मोठे पंखे आले. आणि विंडोज सुरू झाली म्हणजे यंत्र स्थिर, हा समज तर अनेकांना महागात पडला.

१०/१३
स्थैर्य सिद्ध करण्याचे साधन गणिताकडून आले. १९९६मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन मूळसंख्यांचा सामूहिक शोध सुरू केला. त्यांच्या प्राइम९५ या प्रणालीतील चाचणी तासन्‌तास आकडेमोड करून उत्तरे आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहते. एक जरी चूक निघाली तरी यंत्र नापास. हौशी मंडळींनी हीच कसोटी आपली मानली.

११/१३
या कसोटीवृत्तीचे फळ २०००मध्ये दिसले. एएमडीशी चढाओढीत इंटेलने जुलैअखेर १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री जाहीर केला. स्वतंत्र परीक्षकांना त्यावर लिनक्सचा गाभा कंपाइल करताना वारंवार अपयश आले. ऑगस्टअखेर इंटेलने तो प्रोसेसर परत मागवला. या वेळी शिल्लक उधळून बसला होता तो खुद्द निर्माताच!

१२/१३
पुढे तह झाला. २००७मध्ये इंटेलने एक्सएमपी आणले : रॅमच्या पट्टीवरच जादा वेगाचे तपासलेले आकडे नोंदवलेले. २०१०मध्ये खुल्या गुणकाचे ‘के’ प्रोसेसर आले. कालचे बंड आज विक्रीचा मुद्दा झाले. पण रॅमची चूक अजूनही सर्वांत घातक आहे. घरगुती संगणकाच्या रॅममध्ये बहुधा चूक सुधारणारी यंत्रणा नसते; एखादा बिट उलटला, तर तीच चूक मुकाट्याने फाइलमध्ये जाऊन बसते.

१३/१३
२०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अतिव्होल्टेजमुळे अस्थिर झाले आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. म्हणजे प्रश्न आजही तोच आहे. खोक्यावरचा आकडा हे केवळ एक वचन असते. ते पाळले जाते की नाही, हे पाहायला कसोटीच लागते. ३००एने एका पिढीला स्वस्तात वेग दिला, हे खरेच. त्याहून मोठी देणगी म्हणजे शंका घेण्याची आणि रात्रभर चाचणी लावून सकाळी निकाल पाहण्याची सवय. मित्रहो, आपल्या यंत्राचा वेग जरूर वाढवा; मात्र त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

धागा समाप्त.