जयवाण आणि शस्त्रशब्दांचे अर्थांतर

जयवाण : जयपूरजवळच्या जयगडावरील तोफ. सवाई जयसिंह (दुसरे) यांच्या कारकिर्दीत, १७२० मध्ये, गडावरच्याच तोफांच्या कारखान्यात ओतली गेली. नळीची लांबी सुमारे २० फूट, वजन सुमारे ५० टन सांगतात. ती चाचणीसाठी एकदाच डागली, गोळा ३५ किलोमीटरवरच्या चाकसूजवळ पडला आणि तेथे तळे झाले, अशी आख्यायिका आहे. त्या काळच्या भरीव गोळ्याला एवढा पल्ला मिळणे भौतिकशास्त्राला मान्य होण्यासारखे नाही. चाकांवरची जगातील सर्वांत मोठी तोफ, हा मान तिला अनेक जण देतात.

या नोंदीत तिचे महत्त्व नावापुरते आहे. हिंदीत ती ‘जयबाण’ अशीही लिहिली जाते, आणि जय अधिक बाण ही फोड लोकांनी सहज स्वीकारलेली दिसते. धनुष्यातून सुटणाऱ्या शस्त्राचे नाव तोफेपर्यंत यावे, यात नवल वाटायला नको. मराठीत हाच शब्द वेगळ्या वाटेने दारूच्या शस्त्रांत शिरला होता. अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत ‘बाणांचा मार’ असे येते, तेथे बहुधा अग्निबाण समजायचे : नळीत दारू ठासून पेटवून सोडलेले अस्त्र. ते चालवणारा तो बाणदार. हैदर आणि टिपू यांच्या फौजांनी लोखंडी नळीचे असे बाण इंग्रजांवर वापरले, हे सर्वज्ञात आहे. तरीही बखर वाचणाऱ्या आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे भाता आणि धनुष्यच उभे राहते, आणि पानिपताच्या काळातली लढाई त्याच्या मनात काही शतके मागे सरकते. शब्द तोच राहून वस्तू बदलली की असे होते. अपरिचित शब्दासाठी कोश उघडला जातो, ओळखीच्या शब्दासाठी कोणी उघडत नाही.

जयपूरच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रहाला सिलहखाना म्हणतात. मूळ अरबी ‘सिलाह’, म्हणजे शस्त्र. मराठेशाहीत याच खात्याचे नाव शिलेखाना, आणि त्याच मुळातून आलेला शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीला येणारा स्वार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आजच्या वृत्तपत्रांत शिलेदार म्हणजे नेत्याचा विश्वासू सहकारी. घोडा आणि हत्यार दोन्ही गळाले. राजपुतान्यातील तोडेदार बंदूक म्हणजे पेटती वात, म्हणजेच तोडा, लावून उडवायची बंदूक. मराठीत ‘तोडा’ ऐकताच हातापायांतला दागिना आठवतो.

दारू. मूळ फारसी अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अजून शाबूत आहे. मराठीत मद्य आणि स्फोटक चूर्ण हे दोन्ही अर्थ शेजारी नांदतात. ‘दारूगोळा’ आणि ‘शोभेची दारू’ यांत घोटाळा होत नाही, कारण सोबतचा शब्द अर्थ सांभाळतो. एकटा शब्द मात्र फसवतो : मुंबईतील दारूखाना या जागेचे नाव बंदुकीच्या दारूच्या कोठारावरून पडले, हे नव्या माणसाला मुद्दाम सांगावे लागते.

तोफ आणि बंदूक ही दोन्ही नावे मुळात शस्त्राची नाहीत, त्यातून सुटणाऱ्या वस्तूच्या आकाराची आहेत. तुर्की ‘तोप’ म्हणजे चेंडू, गोल वस्तू. अरबी ‘बुंदुक’ हे एका कठीण कवचाच्या फळाचे नाव. त्यावरून गोळी, आणि गोळीवरून ती उडवणारे हत्यार. ‘बारा बोअर’ हे मापही गोळीवरूनच आले : एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्या नळीत नेमकी बसेल, ती बंदूक. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते.

तमंचा : तुर्की, हातातले लहान शस्त्र.

चाप : संस्कृतात धनुष्य, बंदुकीत बोटाने ओढायची कळ. ‘चापणे’ या क्रियापदाशीही संबंध जोडता येतो.

काडतूस व पिस्तूल हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. काडतूस म्हणजे पुंगळी, दारू आणि गोळी मिळून झालेला संपूर्ण नग. गोळी हा त्याचा केवळ पुढचा, उडून जाणारा भाग. बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि तपासाच्या दृष्टीने ते घातक आहे. गोळीवर नळीतल्या आट्यांचे ओरखडे उमटतात, पुंगळीच्या बुडावर आघात करणाऱ्या खिळीची खूण राहते. दोन्हींवरून शस्त्र ओळखता येते, पण दोन्ही सापडण्याच्या जागा वेगळ्या. हाच प्रश्न पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांचा. स्वयंभरणाचे पिस्तूल प्रत्येक बारानंतर रिकामी पुंगळी बाहेर फेकते; रिव्हॉल्वरच्या फिरत्या चक्रात ती तशीच राहते. गावठी कट्टा बहुधा एकाच बाराचा, त्याची पुंगळी हाताने काढावी लागते. घटनास्थळी एकही पुंगळी मिळाली नाही, या वाक्याचा अर्थ त्या तीन शब्दांपैकी कोणता शब्द आधी लिहिला गेला त्यावर अवलंबून असतो.