ज्यूंचा वंशसंहार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने व तिच्या साहाय्यकांनी यूरोपातील ज्यूंची केलेली योजनाबद्ध सामूहिक हत्या. तीत सुमारे ६० लक्ष ज्यू, म्हणजे यूरोपातील ज्यू लोकसंख्येचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग, बळी पडला. रोमा (जिप्सी) व अन्य समूहांचीही याच काळात हत्या झाली.

हा संहार शासनयंत्रणेने टप्प्याटप्प्याने घडविला. न्यूरेंबर्ग कायद्यांनी (१९३५) ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क हिरावून घेतले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची शेकडो प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली व दुकाने उद्ध्वस्त झाली. रशियावरील आक्रमणानंतर (जून १९४१) सामूहिक गोळीबार सुरू झाला. कीव्हजवळील बाबी यार येथे २९ व ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले गेले. वान्झे येथील बैठकीत (२० जानेवारी १९४२) निरनिराळ्या खात्यांच्या कामांत सुसूत्रता आणण्यात आली. ट्रेब्लिंका, सॉबिबॉर इ. छावण्यांत विषारी वायूने हत्या होत असे. एकट्या आउश्व्हित्स येथे सुमारे ११ लक्ष लोक मारले गेले. त्यांपैकी सुमारे १० लक्ष ज्यू होते.

महाराष्ट्रातील ज्यूंचा अनुभव याहून सर्वस्वी वेगळा आहे. कोकणात तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे बेने इस्राएल ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. ते शतकानुशतके निर्वेधपणे नांदले. पुण्यात लष्कर भागात ओहेल डेव्हिड (१८६७), तर रास्ता पेठेत सुक्कथ शेलोमो ही सिनॅगॉग आहेत. नाझी राजवटीमुळे मुंबईस आलेल्या निर्वासितांसाठी १९३४ मध्ये तेथे एक ज्यू साहाय्यक संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी प्रागहून संगीतकार वॉल्टर कौफमान मुंबईस आला. आकाशवाणीच्या परिचयधुनीचे कर्तृत्व त्याच्याकडे दिले जाते. मात्र सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले जाताच ब्रिटिश सरकारने जर्मनीतून आलेल्या अनेक ज्यूंनाही शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून अहमदनगर येथे स्थानबद्ध केले. चौकशीनंतर त्यांपैकी बहुतेकांची सुटका झाली.

वंशसंहाराची संकल्पना राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू विधिज्ञाने १९४४ मध्ये मांडली. संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी तद्विषयक करार संमत केला. भारताने त्यास १९५९ मध्ये अनुसमर्थन दिले. तथापि भारतीय न्याय संहितेत (२०२३) वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा नाही.

मराठी वाचकास हा इतिहास प्रामुख्याने ग्रंथांतूनच परिचित झाला. वि. ग. कानिटकर यांचा नाझी भस्मासुराचा उदयास्त हा ग्रंथ विशेष प्रसिद्ध आहे. परंतु पुण्याच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकासारख्या ग्रंथबाजारांत हिटलरच्या आत्मचरित्रालाही मागणी असते. घटनेच्या दूरत्वामुळे ते केवळ जिद्दीची कथा म्हणून वाचले जाण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात जनगणनेच्या नोंदी, रेल्वेची वेळापत्रके व कार्यालयीन आदेश हीच या संहाराची साधने होती. सुशिक्षित समाजातील नित्याची शासनयंत्रणाही आपल्याच नागरिकांच्या नाशास प्रवृत्त होऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले. तिचे चिरंतन ऐतिहासिक महत्त्व यातच आहे.