‘ब्लॅक सॅबथ’ : एका ध्वनिमुद्रिकेची जन्मकथा

संगीताचा इतिहास लिहिताना दरबार, देवालये आणि घराणी यांची दखल घेण्याची आपली रीत आहे. कारखान्याच्या छायेत जन्मलेल्या संगीताकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. ‘हेवी मेटल’ या नावाने जगभर पसरलेल्या आणि पुष्कळांच्या कानांना केवळ गोंगाट वाटणाऱ्या संगीतप्रकाराचा उगम बहुतेक अभ्यासक इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन या कामगार वस्तीत शोधतात. टोनी आयोमी, ओझी ऑस्बोर्न, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड या तेथील चार तरुणांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या पहिल्या ध्वनिमुद्रिकेची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

तिचा आरंभ एका अपघातापासून होतो. 1965 साली सतरा वर्षांचा आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. नोकरीच्या शेवटल्याच दिवशी त्याला गैरहजर कामगाराच्या यंत्रावर बसविण्यात आले आणि यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका तोच. आता वादन संपले, असे त्याला सांगण्यात आले. तेव्हा कारखान्यातील एका वडीलधाऱ्याने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. 1928 च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली असताही राइनहार्ट युरोपातील अग्रगण्य गिटारवादक झाला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी अंगुस्ताने घडविली, त्यांवर चामडे चिकटविले, आणि जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या हलक्या तारा गिटारास लावल्या. त्याच्या वादनास पुढे जे वेगळेपण आले, त्याचे मूळ या वेदनेत आहे.

या चौघांना प्रथम कोणीही ध्वनिमुद्रणास घेईना. त्यांचे ‘अर्थ’ हे नाव दुसऱ्याही एका वाद्यवृंदाचे निघाल्यामुळे त्यांनी 1963 च्या एका भयपटावरून ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव उचलले. अखेर 1969 च्या ऑक्टोबरात, रॉजर बेन या निर्मात्याच्या देखरेखीखाली, लंडनच्या रीजंट साउंड या ध्वनिमुद्रणगृहात त्यांना जेमतेम एक दिवस मिळाला. पहिलेच गीत वाजवून होते न होते तोच आयोमीच्या आवडत्या गिटारमधील ध्वनिग्राहक बिघडला. दुरुस्तीस अवसर नव्हता. जवळची दुसरी गिटार घेऊन त्याने उरलेली गीते पुरी केली, आणि तीच पुढे त्याची ओळख झाली. रंगमंचावर वाजवावे तसे सारे एकत्र वाजविले गेले. सुमारे बारा तासांत काम आटोपले आणि तरुण पुढल्या कार्यक्रमांच्या दौऱ्यावर निघून गेले. आरंभीचा पाऊस, गडगडाट आणि घंटानाद मागाहून जोडला गेला.

शीर्षकगीताची स्वररचना आपल्या श्रोत्यांस सहज समजेल. षड्ज, तार षड्ज आणि तेथून उतरून तीव्र मध्यम, एवढ्या तीन स्वरांवर ती उभी आहे. युरोपीय संगीतशास्त्रात षड्ज ते तीव्र मध्यम या अंतरास ‘संगीतातील सैतान’ असे नाव पडले होते. आपल्याकडे हाच तीव्र मध्यम यमनात सायंकाळची प्रसन्नता घेऊन येतो! स्वर स्वतः पापी अथवा पुण्यवान नसतो. त्याची संगत आणि मांडणी यांवरून आपण त्यास नावे ठेवतो.

ध्वनिमुद्रिका 13 फेब्रुवारी 1970 रोजी, शुक्रवारी, प्रसिद्ध झाली. तेरा तारीख आणि शुक्रवार हा योग तिकडे अशुभ समजतात. आतील पृष्ठावर प्रकाशकांनी या चौघांस न विचारता उलटा क्रूस छापला. झाले; सैतानाचे उपासक हा शिक्का त्यांच्यावर बसला. वास्तविक त्या शीर्षकगीतातील माणूस काळ्या आकृतीस पाहून भयभीत होतो आणि देवाचाच धावा करतो. बटलर तर कॅथलिक कुटुंबात वाढलेला. आणि ऑस्बोर्नच्या वडिलांनी या मुलांसाठी स्वहस्ते धातूचे क्रूस घडवून दिले, ते गळ्यात घालून ती वावरत. समीक्षकांनी झोडपले, तथापि श्रोत्यांनी उचलून धरले: ब्रिटनच्या विक्रीयादीत ती आठव्या आणि अमेरिकेत तेविसाव्या क्रमांकापर्यंत चढली.

हे संगीत सर्वांस रुचावे, असा आग्रह कोणीही धरणार नाही. मंदिरातील सनई-चौघड्यावर पोसलेल्या कानास ते परकेच वाटेल. परंतु न रुचणे वेगळे आणि न ऐकताच अधर्म ठरविणे वेगळे. आपल्या संतपरंपरेसही असे शिक्के सोसावे लागले आहेत, हे आपण तरी विसरू नये. आपल्या पूजेत घंटा वाजवितात ती देवांना बोलाविण्यासाठी आणि राक्षसांना घालविण्यासाठी. त्या ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी वाजणाऱ्या घंटेचा हेतू मात्र कोणी विचारलाच नाही.

5 जुलै 2025 रोजी हे चौघे त्याच ॲस्टनमधील व्हिला पार्क क्रीडांगणावर शेवटचे एकत्र आले. प्रकृती ढासळलेल्या ऑस्बोर्नने बसूनच गायन केले. उत्पन्न आजारी मुलांच्या आणि कंपवाताच्या रुग्णांच्या साहाय्यासाठी होते. 22 जुलैस तो निवर्तला, तेव्हा ज्या शहराने त्याला एकेकाळी कत्तलखान्यातील मजूर म्हणून पाहिले होते, ते शहर अंत्ययात्रेसाठी रस्त्यावर लोटले.