पाटीच्या खांबाचं दर्यावर्दी कूळ

महामार्गावरच्या, पुढे-मागे दोन पायांवर उभ्या मोठ्या पाटीचा खरा वैरी वारा. रुंद पत्रा शिडासारखा वारा धरतो. मग वाऱ्याकडचा पाय जमिनीतून उपटू पाहतो आणि पलीकडचा आत रुततो. खड्डा खणून काँक्रीट ओतायची रीत सर्वांना ठाऊक आहे. पण पायाशी पोलादी पातं असलेला, जमिनीत पिळून बसवायचा खांबही पाट्यांसाठी वापरतात, आणि त्याचं मूळ शोधत गेलं की रस्ता सुटतो, समुद्र लागतो.

बेलफास्टचा अलेक्झांडर मिचेल हा विटांचा व्यावसायिक. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली. १८३३ साली त्याने मळसूत्री खांबाचं पेटंट घेतलं. पुढे थेम्सच्या मुखाशी, मॅप्लिनच्या सरकत्या वाळूत, दीपगृहासाठी त्याने ९ खांब रोवले. पात्यांचा व्यास ४ फूट. तराफ्यावर रहाटासारखं चाक, त्याच्या दांड्यांना रेटत गोल फिरणारी माणसं, आणि फेऱ्याफेऱ्याने वाळूत उतरत जाणारं लोखंड.

दीपगृहामुळे मिचेलचं नाव झालं, म्हणून बहुतेकजण या खांबाकडे भार पेलणारा पाया म्हणूनच पाहतात. मला ते पटत नाही. त्याचा पहिला उपयोग झाला तो जहाजं बांधून ठेवायला, म्हणजे ओढ सोसायला. खरं मर्म तिथेच आहे. खड्डा खणला की माती सैल होते, पुन्हा कितीही चोपा. पिळत नेलेल्या पात्याभोवतीची माती मात्र बरीचशी जागची हलत नाही. खांब उपटायचा तर पात्यावरचा मातीचा अख्खा गड्डा उचलावा लागतो. वाऱ्याकडच्या पायाला नेमकं हेच हवं असतं. पलीकडच्या पायाखाली तेच पातं बैठक होतं.

जहाजाच्या साखळीपासून रस्त्याच्या पाटीपर्यंतचा मधला दुवा मला हिंदुस्थानात दिसतो. मुंबई-बडोदा रेल्वेचे पूल कर्नल केनेडींनी मळसूत्री खांबांवर उभे केले, वसईच्या खाडीतलेसुद्धा. ते प्रसिद्धच आहेत. पण इथल्या तारायंत्राच्या खांबांनाही मिचेलचाच पाया वापरला गेला, याकडे फारसं कुणी पाहत नाही. तारेच्या खांबावर वजन ते किती? त्याला सोसायचा असतो वारा आणि तारांचा ताण. खाडीतला पूल या घराण्यात मोठा खरा, पण रस्त्यावरच्या पाटीचा सख्खा भाऊ मी तारेच्या खांबालाच मानतो.