शपथ : प्यायलेली आणि खाल्लेली

हिंदीत शपथ ‘खाल्ली’ जाते, गुजरातीतही ‘सोगंद’ खाल्ले जातात. मराठीत ती प्रामुख्याने घेतली, वाहिली किंवा दुसऱ्याला घातली जाते. शपथेत गिळण्याजोगे असे काय असते? याचे उत्तर ‘सौगंध’ या शब्दातच आहे; मात्र त्याचे आजचे हिंदी रूप वाट चुकविणारे आहे. अंत्य ‘ध’मुळे तो संस्कृत ‘सुगंधा’चा आप्त वाटतो. वस्तुतः तो फारसी ‘सौगंद’ होय. त्याचे मूळ अवेस्ताच्या भाषेतील ‘सओकेंत’ या शब्दापर्यंत जाते आणि बहुतेक अभ्यासक त्याचा अर्थ गंधक असा करतात. वंदिदादच्या चौथ्या फर्गर्दात अशा जलासमोर जाणूनबुजून असत्य बोलण्याचा अपराध आला आहे. आरोपीने गंधकयुक्त पाणी प्यावे व त्यातून सत्यासत्य ठरावे, असे या दिव्याचे स्वरूप मानले जाते.

फारसी ‘खुर्दन’ या क्रियापदात खाणे आणि पिणे दोन्ही सामावतात. भारतीय भाषांनी नाम जसेच्या तसे उचलले, क्रियापदाचे मात्र भाषांतर केले आणि त्या भाषांतरात पेल्याचा घास झाला. अरबी ‘कसम’ही फारसीतच या क्रियापदाला जोडली गेली होती, खुद्द अरबीत शपथ कोणी खात नाही.

भाषाशुद्धीचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. शिवकाळातील राजव्यवहारकोशाने फारसी नामांना संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि ते कार्य मोठेच होते. पण नाम ओळखू येते, क्रियापदाचा वेष देशी असतो. हिंदीत ‘कसम’ वगळून ‘शपथ’ योजली तरी ‘शपथ खाना’ उरतेच : संस्कृत नाम आणि त्यामागे फारसीचे खाणे.

पिण्याचे दिव्य आपल्याकडेही होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तुला, अग्नी, जल, विष व कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. कोशदिव्यात देवतेच्या स्नानाचे तीन ओंजळी पाणी प्यावयाचे. 14 दिवसांत राजाकडून वा दैवाकडून घोर संकट ओढवले नाही, तर माणूस शुद्ध. तरीही त्यातून शपथ पिण्याचा वाक्प्रचार रूढ झाला नाही. बंगालीत ‘दिव्यि’ म्हणजेच शपथ झाली; आपल्या डोक्याची ‘दिव्यि’ घालून तेथे माणसे एकमेकांना अडवितात. मराठीत मात्र ‘दिव्य’ शपथेकडे न वळता कष्टाकडे वळले : येथे ते करावे लागते.